नाव न घेण्याचं वर्ष

मार्लनची गाडी काल संध्याकाळपासून फाटकाबाहेरच्या निलगिरीखाली उभी होती, आणि तो काही आत येत नव्हता.

रविवारी उजाडल्यावर आयव्हीने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा सारला, तेव्हा तिला आधी त्याचे पाय दिसले. गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेले. एवढा दांडगा नातू मागच्या सीटवर मावणार तरी कसा. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं. सिडनीत लोक त्याच्या सहीसाठी रांगा लावतात म्हणे, आणि मोज्याला टाका घालायला कोणी नाही. तिने पडदा सोडला, परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं आणि मळायला लागली. मग थांबून आणखी दोन मुठी पीठ घातलं.

त्याला हाक मारणं तिच्याच हातात होतं. गेलेल्या माणसाचं नाव ज्याच्या तोंडून निसटलं, त्याने गेलेल्याची आई बोलावत नाही तोवर तिच्या घरात पाऊल टाकायचं नसतं. मार्लन नऊ तास गाडी हाकत आला होता आणि फाटकाशी येऊन थांबला होता. लहानपणी त्याला हे सगळं शिकवणारी तीच. नीट शिकला होता म्हणायचं.

तिचा मोठा मुलगा गेल्या वसंतात गेला. तेव्हापासून या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. तो 'तो' होता, 'मोठा' होता, पोरांसाठी 'तुमचा अंकल' होता. त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, त्याची खुर्ची चुलीपासून दूर सरकवली होती. वर्ष भरलं की हिरव्या पाल्याचा धूर करायचा, आईने दारात उभं राहून नाव मोठ्याने घ्यायचं, आणि मग ते नाव पुन्हा सगळ्यांना मोकळं. तोवर तोंड बंद. यात एकच अडचण झाली होती. गावातल्या पोस्टमास्तरचं नाव नेमकं तेच होतं. साधा, गोरा, टकला माणूस, आयव्हीशी पंचवीस-तीस वर्षांची ओळख, आणि ती त्याला आता नुसती 'अहो टपालवाले' म्हणत होती. वस्तीवरची सगळीच माणसं तसं म्हणत होती. बिचाऱ्याला वाटत होतं, आपल्या हातून काहीतरी घडलंय. एकदा त्याने काउंटरवरून खालच्या आवाजात विचारलंही होतं, की आयव्ही, पेन्शनच्या पाकिटात काही गडबड झाली का. तिने मान हलवली होती. समजावून कसं सांगणार? समजावायला ते नावच घ्यावं लागलं असतं.

आणि शुक्रवारी तेच नाव टीव्हीवरून सगळ्या देशाने ऐकलं होतं.

मोठा गेला त्या दिवसापासून टीव्ही शेडमध्ये चादरीखाली होता. आयव्हीचा धाकटा भाऊ क्लॅरी तिला न विचारताच तो काढून अंगणात घेऊन आला, लांब वायर जोडली. पोरगा आपली चित्रं अंगावर घालून खेळणार आणि आपण बघायचं नाही का, असं त्याचं म्हणणं. वर्षातून एका आठवड्यात सगळे रग्बी क्लब इथल्या मूळच्या काळ्या माणसांनी काढलेल्या चित्रांच्या जर्सी घालतात. मार्लनच्या क्लबने यंदा त्याच्याकडूनच चित्र काढून घेतलं होतं. छातीवरून खांद्यापर्यंत गेलेली त्यांची नदी, तिच्या वळणांसकट. सामना संपायला थोडा वेळ असताना मार्लनने दोघांना अंगावर घेऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि सामना जिंकून दिला. मग तो माइकवाला आला आणि विचारलं, आजचा हा विजय कोणासाठी?

"माझ्या अंकलसाठी," मार्लन म्हणाला. आणि नाव घेतलं. आडनावासकट. मग धापा टाकत म्हणाला, की तो आमच्या गावच्या पोलीस कोठडीत फरशीवर गेला, त्याला साखरेचा आजार होता, रात्रभर इन्सुलिन मागत होता, आणि अजून आम्हाला कोणी काही सांगितलेलं नाही.

त्यावर जाहिरात लागली.

अंगणातले सगळे आयव्हीकडे बघायला लागले. ती उठली, घरामागे पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि टीव्ही बंद होईपर्यंत पुढे आली नाही. काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं.

शनिवारी सकाळपासून देश मार्लनवर खवळला होता, पण तो भलत्याच गोष्टीवरून. खेळात राजकारण आणतो. पोलिसांची बदनामी करतो. ज्या ताटात जेवतो त्यातच थुंकतो. रेडिओवरच्या एका माणसाने त्याला कृतघ्न म्हटलं, दुसऱ्याने विचारलं की याला एवढंच वाईट वाटतं तर पगार परत का करत नाही. आयव्ही भांडी घासता घासता ऐकत होती. तिला नवल वाटत होतं. त्याचं जे चुकलं होतं त्याचा एवढ्या मोठ्या देशात कोणाला पत्ता नव्हता, आणि जे चुकलं नव्हतं त्यासाठी सगळे त्याच्या मागे लागले होते.

पहिली आली जोलीन, तिची धाकटी लेक. गाडीजवळून जाताना तिने मान वळवली नाही, पण बोलली मात्र मुद्दाम मोठ्याने, की काही लोकांना घरची रीत शिकवून उपयोग नाही, शहराचं पाणी लागलं की सगळं वाहून जातं. खिडकीतले पाय आत गेले.

"मम, तू झोपलीस का?" आत येऊन तिने विचारलं.

"झोपले."

"खोटं. डोळे बघ."

जोलीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. मोठ्याच्या पाठीवर बसून वाढलेली, त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव तिचा. घरातली रीत पाळायला जोलीनसारखी कडक दुसरी नव्हती. दुकानात कोणी नकळत पोस्टमास्तरला नावाने हाक मारली, तरी ती हातातलं सामान तिथंच ठेवून बाहेर जायची.

मग क्लॅरी नदीवरून आला, हातात पिवळ्या पोटाचे दोन मासे. तो सरळ गाडीपाशी गेला, टपावर थाप मारली आणि म्हणाला, की काल बातम्यांत ऐकलं, देशात दुसरी काही भानगड उरलेली दिसत नाही. मार्लन बाहेर आला. फाटकाला कोपर टेकून उभा राहिला, पण अलीकडे आला नाही. सगळ्यात शेवटी रेलीन आली, त्याची आई, जोलीनची मोठी बहीण, फोन छातीशी धरून. आयव्ही कणकेचे हात घेऊनच दारातल्या पायरीवर बसली. अशी ती बैठक भरली. चौघं अंगणात, आणि ज्याच्यासाठी भरली तो कुंपणाबाहेर.

क्लबने रेलीनच्या फोनवरही निरोप पाठवला होता, कारण मुलगा उत्तर देत नव्हता. सोमवारी सकाळी मार्लनने कॅमेऱ्यांपुढे उभं राहून त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवायचं. वाचलं तर प्रकरण मिटलं. नाही वाचलं तर जर्सी काढून घेणार, आणि करार पुढे चालू ठेवायचा की नाही याचा विचार होणार. रेलीनने चष्मा लावला आणि वाचायला लागली.

"'भावनेच्या भरात आणि पुरेशी माहिती नसताना, एका घटनेविषयी मी जे बोललो, त्याबद्दल मी क्लबची, प्रायोजकांची आणि चाहत्यांची...'"

"घटना म्हणजे?" आयव्हीने विचारलं.

रेलीन अडखळली. "म्हणजे... तो."

चौकशीच्या कचेरीतून आयव्हीला पत्रं येत, त्यांत तो 'मृत व्यक्ती' असे. एका पत्रात 'सदर इसम' होता. आता घटना झाला.

क्लॅरी मासे साफ करायला बसला होता. त्याने सुरी न थांबवता मार्लनच्या क्लबातल्या त्या दुसऱ्या पोराची आठवण काढली, कूपर का कोण. दारू पिऊन हॉटेलातली छोटी गाडी पोहण्याच्या तलावात घातली होती त्याने. तेव्हा रेडिओवरचा हाच माणूस हसत होता, तरुण रक्त आहे म्हणत होता. त्या गाडीचं चित्र छापून टोप्या विकल्या होत्या.

"एक टोपी तूच आणलीस," जोलीन म्हणाली.

"स्वस्त होती." क्लॅरीने खवले झटकले. "मी खेळायचो तेव्हा मैदानाच्या कडेनं माकडाचे आवाज काढायचे. मी पंचाला सांगितलं. पंच म्हणाला, कातडी जाड कर. केली. मग एकदा मी उलट एक शब्द बोललो, एकच, तर उरलेला हंगाम घरी बसवलं. यांना आपलं चित्र छातीवर चालतं. त्याच्या वरती तोंड असतं, ते चालत नाही. बाळा, वाचू नकोस तू ते."

"तुझं काय जातंय, अंकल?" रेलीन त्याच्यावर उसळली. मग आवाज खाली आणून ती बराच वेळ बोलली. घराच्या हप्त्यांचं बोलली, मार्लनच्या गुडघ्याचं बोलली, की अशी किती वर्षं उरलीत त्या गुडघ्यात. आयव्ही तिच्या बोटांकडे बघत होती. रेलीन फोनची कड नखाने खरवडत होती. लहानपणी भीती वाटली की ती पायरीची कड अशीच खरवडायची. हप्ते आणि गुडघा हे खरं कारण नाही, हे आयव्हीला कळत होतं. शेवटी ते बाहेर आलंच.

"माझा भाऊ उलट बोलला म्हणून पोलिसांनी त्याला गाडीत घातलं," रेलीन म्हणाली. "नुसता गप्प उभा राहिला असता तर घरी आला असता. आता हाही बोलणार. उद्या-परवा याला कोणी रस्त्यात थांबवलं तर? हा चेहरा आता सगळ्यांना माहीत झालाय. मला एकच मुलगा आहे."

जोलीनने हात लांबवून बहिणीची पाठ चोळली. आल्यापासून ती मार्लनवर दात धरून होती, त्यामुळे ती आता बहिणीच्या बाजूची होणार हे उघड होतं. झालीही. म्हणाली की रेलीनचं बरोबर आहे, वाचून मोकळा हो. आणि आधी तुझ्या नॅनची, आजीची, माफी माग. तिकडच्यांची काय मागायची ती नंतर.

"त्यासाठीच आलोय," मार्लन कुंपणापलीकडून म्हणाला. काल आल्यापासून त्याचे हे पहिले शब्द. "तिकडच्यांची मी मागणार नाही, आन्टी जो. पण नॅनची मागायला आलोय."

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. आयव्ही उठली आणि आत गेली.

तिने निखाऱ्यावरच्या तव्यावर भाकऱ्या थापल्या. छोट्या, जाड, हाताच्या पंजाएवढ्या. मोठा आणि मार्लन दोघं मिळून एका बैठकीत ढीगभर खायचे. मोठ्याला लग्न मानवलं नाही, तो आईपाशीच राहिला आणि बहिणीच्या पोराला त्याने वाढवलं. बॉल विकत घ्यायला पैसे नव्हते तेव्हा मोज्यात चिंध्या कोंबून बॉल केला होता. याच अंगणात तो मार्लनला म्हणायचा, बॉलकडे नको बघू, माझ्या डोळ्यांकडे बघ, बॉल कुठं जाणार ते डोळ्यांत आधी दिसतं. भाकरी फुगली. आयव्हीने उलटली. तिच्या लक्षात आलं की आपण त्याचं सगळं आठवतो, फक्त हाक मारल्यासारखं आठवत नाही. इतके महिने मनातल्या मनातसुद्धा तिने त्याला हाक मारली नव्हती.

भाकऱ्या फडक्यात गुंडाळून, काकवीसारख्या घट्ट पाकाचा डबा बगलेत धरून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि अंगणाला वळसा घालून फाटकाशी गेली. अंगणात आवाज चालू होते. मार्लन तिला बघून सरळ झाला, शाळेतल्या पोरासारखा.

"धर. गरम आहेत."

त्याने धरल्या. खाल्ल्या नाहीत.

"का घेतलंस नाव?"

तो पाकाच्या डब्याच्या झाकणाकडे बघत राहिला. मग सांगायला लागला, थांबत थांबत. त्याला वाटलं होतं टीव्ही शेडमध्येच आहे. नॅन बघत असेल हे डोक्यातच आलं नाही. नाहीतर मेलो असतो तरी घेतलं नसतं. 'माझ्या अंकलसाठी' एवढंच म्हणायचं ठरलं होतं त्याचं. "पण ते म्हटलं आणि मला वाटलं, हे ऐकून घरी बसलेल्याला काय कळणार? कोणाचा तरी अंकल. कोणीतरी काळा, कुठल्या तरी गावातला, कुठल्या तरी कोठडीत. असे किती असतात. ऐकतात आणि चहा पितात. म्हणून... तोंडातून गेलं, नॅन. गेल्या गेल्या कळलं मला काय केलं ते."

"मी उठून मागे गेले, ते सांगितलं कोणी तुला?"

"आन्टी जोने फोन केला. म्हणाली, नॅनला केवढं लागलंय बघ."

आयव्हीने फाटकाच्या लाकडावर हात ठेवला. हाताला पीठ होतं, लाकडावर पांढरा पंजा उमटला.

"मला लागलं नव्हतं, बाळा. मला हसू आलं होतं."

मार्लनला कळेना.

"एवढ्या मोठ्या मैदानात, एवढ्या दिव्यांत माझ्या पोराचं नाव. आडनावासकट. किती दिवसांनी कानावर पडलं. तोंड आवरेना माझं. अंगणात सगळे माझ्याकडे बघतायत, वर्ष सरलेलं नाही, आणि आई हसतेय. कुठं तोंड लपवणार? गेले टाकीमागे. तिथं हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. टाकीला विचार."

मार्लनने भाकऱ्यांचं फडकं छातीशी धरलं होतं. दोन दोन माणसांना अंगावर घेणारा पोरगा, त्याला हे झेपत नव्हतं. आयव्हीने त्याच्या मोज्याकडे बोट केलं आणि म्हणाली की तो आधी काढ, मी शिवून देते, आणि खा, गार झाल्यावर दगड होतात त्यांचे. तो फाटकाबाहेर जमिनीवर बसला आणि खायला लागला. ती त्याचं खाणं बघत उभी राहिली.

तिला वाटलं, आम्ही नाव घेत नाही ते त्याला पलीकडच्या वाटेत त्रास नको म्हणून. आणि ते लोक, पोलीस न् क्लबवाले, घेत नाहीत ते स्वतःला त्रास नको म्हणून. आत काय आहे ते आपल्याला माहीत. बाहेरून मात्र दोन्ही सारखंच दिसतं. शांत घर दिसतं. आणि सोमवारी हा पोरगा ते कागदावरचं वाचणार, की एक घटना झाली होती.

ती अंगणात परत आली तेव्हा क्लॅरी आणि रेलीन अजून भांडत होते.

"जोलीन," ती म्हणाली, "नदीकडून पाला घेऊन ये. हिरवा, भरपूर."

जोलीन जागची हलली नाही. तिला कळलं होतं, आणि क्लॅरीलाही. क्लॅरीने सुरी खाली ठेवली. म्हणाला, सिस, अजून हिवाळासुद्धा आलेला नाही, वर्ष कुठं झालं? आपल्या आईने बाबांच्या वेळी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. लोक काय म्हणतील?

"लोक म्हणतायतच की रेडिओवर," आयव्ही म्हणाली. "आपल्या आईने दोन वर्षं घेतली. मी एवढी घेतली. त्याला मी जन्म दिला, नाव कधी मोकळं करायचं ते मी बघेन. त्याला नाव नसल्यावर सोपं जातंय त्यांना, क्लॅरी."

क्लॅरीने मासे बाजूला सारले. मग म्हणाला, निखारे तरी नीट करू दे मला, तुझा धूर नेहमी घरात कोंडतो.

जोलीन अजून उभीच होती. आयव्हीला तिचीच काळजी होती. पण जोलीन वळली आणि चालायला लागली ती नदीकडे नाही, फाटकाकडे. मार्लनसमोर उभी राहिली. म्हणाली, "ऊठ. मला वरच्या फांद्या पोचत नाहीत." तो उठला, तोंडात भाकरी, एक पाय अनवाणी. दोघं एकमेकांशी न बोलता नदीच्या पायवाटेने उतरून गेले. परत आले तेव्हा त्याच्या दोन्ही बगलांत पाला होता आणि ती त्याला कशावरून तरी रागावत होती, पण तो राग नेहमीचा होता.

रेलीन पायरीवर बसून होती. आयव्ही तिच्याजवळ टेकली.

"तो बोलला म्हणून गेला नाही, रेलीन," ती हळू म्हणाली. "तो रात्रभर बोलत होता. कोणी ऐकलं नाही म्हणून गेला."

रेलीनने तोंडावर हात ठेवला. आयव्हीने तिला जवळ ओढलं, आणि निखाऱ्यांवर पाला पडून पांढरा धूर उठेपर्यंत दोघी तशाच बसल्या.

धूर आधी दारातून आत नेला, मग खोल्यांतून, मग मोठ्याच्या पलंगावरून. आयव्हीने फोटो भिंतीकडून फिरवला. फोटोत त्याने क्लॅरीची जुनी टोपी घातली होती, ती परत केली नाही म्हणून क्लॅरीने तेव्हा किती शिव्या दिल्या होत्या. मग ती पुढच्या दारात उभी राहिली, नदीकडे तोंड करून. सगळे तिच्या मागे. मार्लन अजून फाटकाबाहेर.

तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. पण मोठा लहान असताना जेवायला बोलवायला ती जशी ओरडायची, नदीपलीकडे ऐकू जाईल अशी, तश्शीच हाक निघाली. एकदाच. नदीच्या झाडीतून पांढरे काकाकुवे उडाले.

मग तिने फाटकाकडे पाहिलं आणि त्याच आवाजात म्हणाली, "मार्लन. आत ये."

तो मोठ्याच्या खुर्चीत बसून मासा खात होता तेव्हा रेलीनने फोन उघडला आणि क्लबच्या निरोपाकडे बघत राहिली. मार्लनने खाणं थांबवलं. त्याने तिला सांगितलं की तू म्हणालीस तर मी वाचेन. आई म्हणून तू सांग. रेलीनने फोन पालथा ठेवला.

"हे त्यांनी लिहिलंय ना, मग त्यांचं त्यांना वाचू दे," ती म्हणाली. "तू तुझं बोल. शिवी द्यायची नाही. इस्त्रीचा शर्ट घालायचा. आणि झाल्यावर मला फोन करायचा, दुसऱ्या कोणाला नाही, मला. गाडी सावकाश चालव. कोणी थांबवलं तर हात स्टिअरिंगवर."

"हो, मम."

"दोन्ही हात."

"हो."

जोलीनने न राहवून विचारलं, जर्सी काढून घेतली तर? मार्लन म्हणाला, नदी त्यांच्याकडे राहील काय, ती तर इथं आहे. क्लॅरी म्हणाला, फार शहाणा होऊ नकोस, मासा खा.

सोमवारी आयव्ही गावात गेली. पोस्टाच्या काउंटरमागे रेडिओ लागला होता. आत दोन-तीन माणसं होती, एकाने तिला पाहिलं आणि आवाज कमी करायला सांगितलं. पोस्टमास्तरने तो कमी केला नाही. रेडिओवर मार्लनचा आवाज होता. त्याने काही वाचलं नाही. त्याने मामाचं नाव पुन्हा घेतलं, सावकाश, आडनावासकट, मग तो कुठल्या नदीकाठचा, कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ ते सांगितलं, आणि म्हणाला की यातलं मला काही परत घ्यायचं नाही. मग निवेदक म्हणाला की क्लबने त्याला पुढचा निर्णय होईपर्यंत संघाबाहेर ठेवलं आहे. आतल्या कोणीतरी घसा खाकरला आणि तो बाहेर गेला.

आयव्ही काउंटरपाशी गेली. पोस्टमास्तर तिच्याकडे बघत होता.

"पेन्शन आली का, डेस्मंड?"

त्याचा हात पाकिटांवरच थांबला. टकलापर्यंत लाल झाला तो. मग त्याने पाकीट शोधलं, पुढे केलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आयव्ही, मला वाटत होतं माझं काही चुकलं."

"तुझं काही चुकलं नव्हतं. माझ्या मुलाचं नाव आहे ते. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, एवढंच."

त्याने मान हलवली, आणि मग पुन्हा एकदा हलवली, जसं काही आता कुठं त्याला सगळं कळत होतं, महिनोन्‌महिने कोणी त्याला नावाने हाक का मारली नाही ते.

आयव्हीने पाकीट पिशवीत टाकलं आणि दारापर्यंत गेली. तिचं काम झालं होतं. बाहेर ऊन पडलं होतं. उंबऱ्यावर ती थांबली, वळली, आणि काही कारण नसताना, नुसतं तोंडात बरं वाटतं म्हणून, तिने आणखी एकदा हाक मारली.

"डेस्मंड."

"हं, आयव्ही?"

"काही नाही," ती म्हणाली आणि घराकडे चालायला लागली.